घरात दीड-दोन वर्षांचं मूल आणि मांजराचं पिल्लू: कुठून सुरुवात करायची

मागच्या वर्षी जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला होता. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरवर, पाय ठेवायच्या जागेत, भिजून चिंब झालेलं मांजराचं पिल्लू बसलं होतं. अंगाचा रंग भुरा, म्हणून तो भुऱ्या. आमची चिमी तेव्हा वीस महिन्यांची होती आणि दिवसभर घरात धावत असायची. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भुऱ्या ८२० ग्रॅम भरला. चिमी पावणेअकरा किलोची, म्हणजे त्याच्या तेरा पट. हा आकडा मी मुद्दाम आधी सांगते आहे. घरात पिल्लू येतं तेव्हा सगळ्यांना काळजी मुलाची असते, पण पहिल्या महिन्यात जास्त धोका पिल्लाच्या जिवाला असतो. मूल प्रेमाने मिठी मारतं, तोल जाऊन अंगावर बसतं, आणि त्या इवल्याशा फासळ्या तेवढं वजन पेलू शकत नाहीत.

आज दोघं सुखाने एकत्र राहतात. पण आम्ही पहिल्या तीन महिन्यांत बरंच काही उलट्या क्रमाने केलं आणि त्यातली एक चूक चिमीच्या मनगटावर आली. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. या वयाच्या मुलाला "नको" कळतं, पण हात थांबवता येत नाही. पिल्लाचंही तसंच. दोघांना रागावून काही हाती लागत नाही. बदलायचं असतं ते घर.

१. आणण्याआधी

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. ती एकेका पिल्लाला तोंडात धरून जागा बदलत असते. त्यामुळे एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. कोरड्या जागी, गाड्यांच्या वाटेत नसेल तर काही तास लांबून लक्ष ठेवा. आई परत येते का ते बघा. भुऱ्याची आई दुसऱ्या दिवसापर्यंत आली नाही, तेव्हाच आम्ही त्याला वर आणलं.

ओळखीतून किंवा एखाद्या संस्थेकडून घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू आईपासून तोडू नका. दहा-बारा आठवड्यांचं मिळालं तर उत्तम. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. लवकर वेगळं केलेल्या पिल्लाचे दात आणि नखं जास्त लागतात, आणि ती मुलालाच लागतात. माझं स्पष्ट मत सांगू का? पाळायची इच्छा आहे, पण पिल्लूच हवं असं काही नाही, अशी परिस्थिती असेल तर दोन-तीन वर्षांचं शांत, माणसाळलेलं मोठं मांजर घ्या. लहान मुलाच्या घरी ते कितीतरी सोपं जातं.

घरातल्या सगळ्यांशी आधी बोला. आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पहिला प्रश्न होता, "अगं, मांजराचा केस पोटात गेला तर?" नुसत्या केसाने मुलाच्या पोटात विष होत नाही. पण मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनाची काहींना ॲलर्जी असते. मुलाला दम्याचा किंवा वारंवार धाप लागण्याचा त्रास असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पिल्लू आणू नका. त्याच भेटीत रेबीजच्या लशीचंही विचारा. घरात प्राणी असलेल्या मुलांना ही लस आधीच देऊन ठेवता येते. आम्हाला हे उशिरा कळलं.

२. आधी पशुवैद्य, मग घर

पिल्लू थेट हॉलमध्ये सोडू नका. पहिल्या दिवशीच पशुवैद्यांना दाखवा. ते तीन गोष्टी बघतील: जंत, पिसवा आणि नायटा. लहान पिल्लांच्या कानावर, तोंडावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो बहुधा नायटा असतो आणि तो मुलांना पटकन लागतो. जंताचं औषध सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि नंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा देतात. मांजराचे जंत मुलाच्याही पोटात जाऊ शकतात, कारण या वयात मुलाचा हात सतत तोंडात असतो.

लशींचं साधारण असं असतं: तीन आजारांवरची एकत्रित लस, जिला सगळे ट्रायकॅट म्हणतात, तिचा पहिला डोस आठव्या आठवड्याच्या सुमारास आणि पुढचा तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग दरवर्षी. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. दोन महिन्यांचं पिल्लू आणलंत तर पुढचा निदान महिनाभर त्याला रेबीजचं संरक्षण नसतं. या काळात मूल आणि पिल्लू यांच्यात अंतर जास्त ठेवायचं.

पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध चुकूनही लावू नका. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

मुंबईकरांना परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असेलच. पुण्यात असाल तर महापालिकेने २०२२ पासून कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सुरू केली आहे, ती लसीकरणाच्या कागदांसोबत उरकून टाका.

३. पहिले दहा दिवस एकच खोली

पिल्लाला एक खोली द्या. जास्तीची खोली नसेल तर दार लागेल असा कुठलाही कोपरा चालेल. तिथे पाणी, खाणं, शी-शूसाठी रेती, आणि लपायला पुठ्ठ्याचा खोका. या खोक्याला दोन भोकं पाडा. आम्ही एकच पाडलं होतं. चिमीने त्यातून हात घातला, भुऱ्याला पळायला वाट उरली नाही, आणि ओरखडा आला तो तिथेच. मांजर कोंडलं गेलं की नखं काढतं. पळायला वाट असेल तर बहुतेक वेळा ते पळून जाणंच पसंत करतं.

पिल्लू दिवसात सोळा ते वीस तास झोपतं. झोपलेल्या पिल्लाला मुलाने हात लावायचा नाही, हा घरातला सगळ्यात कडक नियम. तो मोठ्यांनी पाळायचा, म्हणजे दार लावून घ्यायचं.

४. जमीन मुलाची, उंची मांजराची

आमच्या घराचा सगळा कारभार या एका वाटणीवर चालतो. मूल जिथे पोचत नाही अशी एक तरी जागा मांजराला प्रत्येक खोलीत हवी. त्यासाठी महागडं सामान लागत नाही. आम्ही माळ्यावर पडलेले दोन जुने लाकडी पाट उतरवले आणि सुताराकडून भिंतीला ब्रॅकेटवर बसवून घेतले, एक साडेतीन फुटांवर, दुसरा पाच फुटांवर. पहिल्यापर्यंत चढायला एका उभ्या वाशाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. नखं घासायलाही तीच. आधी मी पाटाखाली स्टूल ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी चिमी स्टुलावर उभी होती.

जमिनीवरची पळवाट म्हणजे दाराचा आकडा. स्वयंपाकघराच्या आणि संडासाच्या दाराला आम्ही लांब आकडे लावले. आकडा लावला की दार फक्त दहा सेंटिमीटर उघडं राहतं. पिल्लू सुळकन आत जातं, मूल बाहेर राहतं, आणि दार हलत नसल्यामुळे बोटंही चेमटत नाहीत. पिल्लू मोठं झालं की फट थोडी वाढवावी लागते.

या वाटणीत एक धोका आहे. मांजर जिथे बसतं, मूल तिकडे जायला बघतं. म्हणून पाट खिडकीजवळ लावू नका, निदान जाळी बसेपर्यंत तरी नाही.

जाळीबद्दल थोडं सविस्तर. मुलासाठी लावलेल्या ग्रिलच्या गजांमधून पिल्लू आरामात बाहेर पडतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पिल्लू चावून तोडू शकतं, आणि डासांची सरकती जाळी तर ते पंजाने ढकलून उघडतं. मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज जिवावर उठणारा आहे. वरच्या मजल्यांवरून पडून छाती फुटलेली, जबडा मोडलेली मांजरं पशुवैद्यांकडे सतत येत असतात. ग्रिलला आतून एक इंची चौकोनांची लोखंडी जाळी तारेने बांधून घ्या. पिल्लू घरात यायच्या आधी हे काम झालेलं असावं.

धुण्याचं यंत्र सुरू करण्याआधी आत हात फिरवून बघा. सोफा-कम-बेड मिटण्याआधी खाली वाकून बघा. कपाट बंद करण्याआधी हाक मारा.

५. घरातली विषं

इथे घाई करू नका. कागद-पेन घेऊन खोलीखोलीतून फिरा.

फिनाईलपासून सुरुवात करा. रोज फरशी पुसताना बादलीत टाकतो तेच. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि फिनाईलमधले घटक त्याचं यकृत पचवू शकत नाही. जंतुनाशक म्हणून वापरतो त्या उग्र वासाच्या, पाण्यात टाकल्यावर पांढऱ्या होणाऱ्या द्रवांचंही तेच. आमच्याकडे आता साबणाच्या पाण्याने पुसतात आणि मग साध्या पाण्याने. कामाला येणाऱ्या ताईंना हे स्वतः समजावून सांगा, कारण सवयीने हात बाटलीकडे जातो.

दुसरं, मुलाच्या तापाचं औषध. पॅरासिटामॉल मांजराला मारतं, अगदी थोडंसुद्धा. पिल्लू मलूल दिसलं म्हणून मुलाच्या बाटलीतले दोन थेंब पाजणारे लोक असतात, आणि पाजतात ते मायेपोटीच. तसं करू नका. सांडलेलं औषधही लगेच पुसून घ्या.

कापूर आणि डांबराच्या गोळ्या दोघांनाही घातक आहेत. लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येतात. देवघरातली कापराची डबी खालच्या खणातून काढून वर ठेवा. सर्दीत मुलाच्या छातीला बाम चोळला असेल तर त्या रात्री पिल्लाला जवळ येऊ देऊ नका, ते चाटतं. निलगिरीच्या तेलाची वाफ दिलीत तर पिल्लू दुसऱ्या खोलीत हवं.

फुलांच्या गुच्छात लिली असेल तर तो घरात घेऊच नका. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

शेवटी दोरे. राखीचा दोरा, गजऱ्याचा दोरा, केसांचे रबर, गणपतीच्या आराशीतल्या चकचकीत झिरमिळ्या, उरलेला मांजा. दोरा गिळला गेला की आतडी गोळा होतात. तोंडातून किंवा मागच्या बाजूने दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तसंच पशुवैद्यांकडे न्या. खेळण्यांमधल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांचं झाकण स्क्रूचं आहे ना, हेही याच फेरीत बघा. पिल्लू खेळणं पाडतं, झाकण उघडतं, आणि बॅटरी मुलाच्या हाती लागते.

६. रेतीचा डबा

बांधकामावर मिळतं तसं प्लॅस्टिकचं उथळ घमेलं घ्या. काठ कमी असल्यामुळे पिल्लाला चढता येतं आणि धुवायला सोपं. जागा आकड्याच्या दारामागची, म्हणजे संडासात किंवा कोरड्या बाल्कनीत. मुलाच्या दृष्टीने रेती म्हणजे खेळ, त्यामुळे ती नजरेआडच हवी.

रोज साफ करायची, एकही दिवस सुट्टी नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, पण बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. रोजची विष्ठा रोज उचलली की मोठा धोका टळतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे मुळीच नको.

७. खाणं

दुधाची वाटी देऊ नका. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात.

आमचं घर शाकाहारी आहे आणि हा प्रश्न आमच्याकडे बराच गाजला. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतंच. ते न मिळाल्यास डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. वरण-भातावर मांजर जगवता येत नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं आणा. कुत्र्यांचं चालत नाही, त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन असेलच असं नसतं. आईंनी हे ऐकल्यावर दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच त्यासाठी एक वेगळा डबा आणि वेगळा चमचा काढून दिला.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, वाटी मुलाच्या हाताच्या वर. खाणं झालं की वाटी उचला. ते टणक दाणे मुलाच्या घशात अडकू शकतात. आणि मुलाच्या जेवणातलं सांडलेलं लगेच टिपून घ्या, कारण फोडणीतला कांदा-लसूण मांजराचं रक्त बिघडवतो.

८. ओळख

आधी वासाची. मुलाचं वापरलेलं दुपटं पिल्लाच्या खोलीत ठेवा आणि पिल्लाच्या अंथरुणातला तुकडा हॉलमध्ये. तीन-चार दिवसांनी दाराच्या फटीतून एकमेकांना बघू द्या. मग खरी भेट.

भेटीच्या वेळी मूल जेवलेलं, झोप झालेली, तुमच्या मांडीवर बसलेलं. पिल्लू मोकळं. आपण पिल्लाला मुलाकडे न्यायचं नाही, ते येईल तर येईल. आलं तर मुलाचा हात आपल्या हातात घेऊन, उघड्या तळव्याने, पाठीवरून एकदाच फिरवायचा. बोटं मिटली की केस उपटले जातात, म्हणून "हात उघडा" हे शब्द आधी आठवडाभर शिकवा. चिमीला आम्ही ते आजीच्या गालावर शिकवलं. आजी म्हणायच्या, "हळू गं माझी बाय," आणि पुढे चिमी भुऱ्याला हात लावताना स्वतःशीच "हऊ, हऊ" म्हणायला लागली. पाच मिनिटं झाली की संपवा, सगळं छान चाललेलं असतानाच.

उचलणं मुलाचं काम नाही. तीन-चार वर्षांचं होईपर्यंत तरी नाही.

पण नुसतं "हे नको, ते नको" किती दिवस चालणार? मुलाला एक काम द्या. लांब काठीला कापडाची चिंधी बांधा, टोकं बोथट, आणि ती मुलाच्या हाती द्या, तुम्ही शेजारी बसा. पिल्लू चिंधीवर झेपावतं, मूल खिदळतं, आणि दोघांत चार फुटांचं अंतर आपोआप राहतं. खेळ संपला की काठी वर ठेवा. बोटांनी पिल्लाला खेळवायची सवय घरातल्या कुणीच लावू नये. बाबांच्या बोटांना चावायला शिकलेलं पिल्लू मुलाची बोटं वेगळी धरत नाही.

पिल्लाची भाषा तुम्ही शिका. शेपूट उभी, टोक किंचित वाकलेलं: मजेत आहे. शेपूट आपटायला लागलं, कान मागे गेले, डोळ्यांची बुबुळं मोठी काळी झाली: मुलाला उचला, त्याच क्षणी. फिस्कारेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

दिवेलागणीची वेळ सगळ्यात नाजूक. मूल दमून किरकिरं झालेलं असतं, आणि पिल्लाला नेमकी तेव्हाच घरभर उधळायची लहर येते, कारण मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतं. सहा ते आठ आमच्याकडे दोघं वेगळ्या खोल्यांत असायचे. रात्री चिमी झोपली की भुऱ्याला दहा मिनिटं खूप पळवायचं, मग खायला द्यायचं. त्यानंतर तो झोपतो. मुलाच्या बिछान्यात पिल्लू झोपवू नका.

९. ओरखडा आला तर

नवव्या दिवशी मी गॅसवरचं दूध बघायला उठले, अर्धं मिनिट. परत आले तेव्हा चिमीच्या मनगटावर लाल रेघ होती आणि रक्ताचा एक थेंब.

करायचं ते असं: नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या मुलाला धरून बसलं की दोन मिनिटंही पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. पट्टी बांधू नका. मग त्याच दिवशी डॉक्टर. रक्त आलेलं असेल तर रेबीजच्या लशीसोबत जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. चिमीचे डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी झाले, प्रत्येक वेळी मी तिला धरलं होतं. "घरचंच पिल्लू आहे, काय होणार" असं शेजारी, पाहुणे, सगळे म्हणतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय उरत नाही, म्हणून हा निर्णय डॉक्टरांवर सोडा, शेजाऱ्यांवर नको. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी काखेत गाठ आली किंवा ताप आला तर ओरखड्याची आठवण डॉक्टरांना पुन्हा करून द्या.

पिल्लाला मारू नका. नखांची टोकं दर दोन आठवड्यांनी कापा. पहिल्यांदा पशुवैद्यांकडून शिकून घ्या, म्हणजे आतली गुलाबी शीर कापली जाणार नाही.

१०. पाचव्या-सहाव्या महिन्यात

नसबंदी करून घ्या. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि बोका घरभर मुतायला लागतो, त्याचा वास जाता जात नाही. ऑपरेशननंतर बोक्याची जखम आठवडाभरात भरते, मादीच्या टाक्यांना दहा ते चौदा दिवस लागतात.

तेवढे दिवस पुन्हा तीच पहिली खोली, तोच आकडा, तीच फट. भुऱ्याच्या वेळी चिमी रोज सकाळी उठून त्या फटीसमोर येऊन बसायची आणि चिंधीची काठी आत सरकवायची. तो आडवा पडल्या पडल्या एक पंजा त्यावर टाकायचा. तेवढा खेळ चालतो, उड्या मात्र जखम सुकेपर्यंत नकोत.